उडीआधीचे थांबणे

“आणि उडीआधी तो थांबायचा, ते केवढं?” बाबांनी विचारले.

“तेच आठवत नाही.”

“बाकीचं आठवतं?”

“बाकीचं सगळं आठवतं,” हर्षल म्हणाला. “सगळं म्हणजे सगळं.”

बाबा संत्रे सोलत होते. त्यांनी एक फोड हर्षलपुढे धरली, दुसरी त्याच्या बहिणीपुढे.

“म्हणजे थांबणं तेवढं गेलं,” ते म्हणाले. “बरं...”

अमरावतीहून मोर्शीकडे जाताना संत्र्यांच्या बागा सुरू होतात. त्या भागातील हा एक लहानसा महानुभाव आश्रम, आणि अचलमुनी बाबा तेथील सर्वांत वयस्कर. हर्षल गुल्हाने पुण्याहून आला होता. त्याला येथे आणणारी त्याची मोठी बहीण ज्योत्स्ना अमरावतीतच राहत असे आणि तिने या बाबांकडून उपदेश घेतलेला होता. हर्षलने कोणाकडूनही काही घेतलेले नव्हते. आत शिरताना तिने दंडवत घातला, त्याने नुसते हात जोडले. बाबांनी दोन्ही सारख्याच मायेने स्वीकारले.

हर्षलचे काम काय, हे बाबांनी आधी नीट समजून घेतले होते.

पुण्यातील त्याची कंपनी जुने व्हिडिओ गेम नव्या यंत्रांसाठी पुन्हा घडवून देत असे. एके काळी टीव्हीला जोडलेल्या डब्यात प्लास्टिकची कॅसेट खोचून जे खेळ खेळले जात, ते मूळ मालकांच्या परवानगीने नव्या कन्सोलवर पुन्हा बाजारात येत. घेणारे बहुतेक चाळिशीचे. ते नवा खेळ शिकण्यासाठी घेत, असे म्हणता येणार नाही. खेळ त्यांना पाठच असत. लातूरच्या एका गृहस्थांनी कंपनीला कळवले होते की, सुरुवातीची धून वाजताच त्यांच्या पायांना शहाबादी फरशीचा गारवा जाणवला. ते त्या वेळी गालिच्यावर बसलेले होते.

“मग ते शेवटपर्यंत खेळतात?” बाबांनी विचारले होते.

बहुतेक जण पहिला टप्पा संपण्याआधीच बंद करतात, असे हर्षलने प्रामाणिकपणे सांगितले. तसे आकडे कंपनीकडे येतात.

“जे शोधायला येतात, ते मिळतं म्हणून बंद करतात की मिळत नाही म्हणून?”

“मिळत नाही म्हणून असावं. पुढचा खेळ आला की पुन्हा घेतात.”

या वेळी त्याच्या वाट्याला आलेला खेळ त्याच्या स्वतःच्या लहानपणीचा होता. हातात मशाल घेतलेला एक ठेंगणा माणूस गुहांमधून चालत जातो, एवढीच त्याची कथा. कॅसेटवरचे नाव परक्या लिपीत होते. ते कोणालाही वाचता येत नसल्यामुळे गुल्हान्यांच्या घरी त्या खेळाला मशालवाला म्हणत.

हर्षलने तो अतिशय निष्ठेने घडवला होता. जुन्या पडद्यावरच्या आडव्या रेषा त्याने परत आणल्या. एकाच वेळी फार वटवाघळे आली की चित्र लुकलुकत असे. तो मूळ यंत्राचा दुबळेपणा होता. एका तरुण सहकाऱ्याने आपण होऊन तो दोष काढून टाकला, तेव्हा हर्षलने त्याला तो परत घालायला लावला.

“चुकाही ठेवल्या?” बाबांनी विचारले.

“चुका आधी ठेवल्या.”

बाबांना हे आवडलेले दिसले.

अडले होते ते एकाच जागी.

चौथ्या गुहेच्या शेवटी एक खचणारा दगड येतो. त्यावर उभे राहिले की थोड्या वेळाने तो खाली जातो. समोरच्या अंधारातून दुसरा दगड सरकत येतो आणि परत जातो. घाई केली तर दरी, उशीर केला तरी दरी. लहानपणी हर्षलला ही उडी कधीच जमली नाही. तेथे पोचला की तो हातातला रिमोट शेजारी सरकवत असे आणि म्हणत असे, “दादा, एवढं पार करून दे.”

दादा म्हणजे विनय, तिघांत थोरला. तो रिमोट घेई, जरा थांबे, उडी मारी आणि पलीकडे पाय टेकताच रिमोट परत देई. पलीकडचे एक पाऊलही तो स्वतः टाकत नसे. पुढची गुहा हर्षलची. हा नियम कोणी केला ते आता सांगता येत नाही, पण तो कधी मोडला गेला नाही.

हर्षल आठवीत असताना विनय काविळीने गेला.

नव्या आवृत्त्यांमध्ये अवघड जागी मदतीची एक कळ असते. ती दाबली की यंत्र तेवढा भाग स्वतः खेळते आणि खेळ परत खेळणाऱ्याच्या हाती देते. कोणत्या जागी यंत्राने कसे खेळावे, हे हर्षलच्या गटाने ठरवायचे होते. इतर सर्व जागा त्याने सहकाऱ्यांवर सोपवल्या. चौथ्या गुहेची उडी मात्र स्वतःकडे ठेवली. ती दादासारखी हवी होती.

त्याने थांबणे कमी करून पाहिले, वाढवून पाहिले, पुन्हा कमी केले. दर वेळी मशालवाला सुखरूप पलीकडे जाई. आणि दर वेळी ती उडी दुसऱ्याच कोणाची तरी असे.

सोमवारी खेळ मंजूर करून पाठवायचा होता. त्यानंतर त्यात कोणालाही काही बदलता येणार नव्हते.

एवढे सगळे त्याने बाबांना सांगितले होते. एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. ती त्याने आता, हातातल्या संत्र्याच्या फोडीकडे पाहत, सांगितली.

“मला त्याचा चेहरा फोटोतलाच आठवतो, बाबा. फोटो नसता तर... आवाज तर केव्हाच गेला. एवढं थांबणं उरलं होतं.”



“ते एकदा खेळात बसलं की राहील,” तो म्हणाला. “मी विसरलो तरी.”

ज्योत्स्नाने त्याला येथे का आणले, हेही सांगायला हवे. आठवणी सांभाळणे हे या पंथाचे फार जुने काम आहे. स्वामी निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांनी त्यांचे चालणे, बोलणे, जेवणे, रागावणे आठवून आठवून जपले. तुझ्या पुण्यात हे कोणाला विचारशील, असे ती फोनवर म्हणाली होती, त्यापेक्षा बाबांकडे चल.

“तुमच्याकडे कसं करतात?” हर्षलने विचारले. “एखादी गोष्ट नेमकी कशी होती, हे कळत नसेल तर?”

“जो तिथं होता, त्याला विचारतात.”

“त्यालाही आठवत नसेल तर?”

“आठवत नाही, असं सांगतात.”

“आणि दोघांना वेगवेगळं आठवलं?”

“दोन्ही ठेवतात. कोणाला कोणतं आठवलं, त्यासकट.”

हर्षल किंचित हसला. माणसांचे तसे चालत असेल, पण यंत्राचे चालत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. यंत्राला एकच आकडा लागतो, तोही सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत नेमका. बहुधा, अंदाजे, अमक्याच्या मते, असे काही त्यात भरता येत नाही.

“मग गरीब आहे बिचारं,” बाबा म्हणाले.

त्यांनी खेळ पाहायची इच्छा दाखवली. सभागृहात प्रवचने पाहण्यासाठी एक टीव्ही होता. हर्षलने बॅगेतून कन्सोल काढून त्याला जोडला. तिघे चटईवर बसले. बाबांनी संत्र्याची सालं कापडात गुंडाळून बाजूला ठेवली आणि मशालवाल्याची ये-जा लक्षपूर्वक पाहिली. तो दुसऱ्या गुहेत एकदा पडला.

“याच्या हातात मशाल आहे ना?”

“आहे.”

“तरी पडतो?”

“पडतो.”

“मग आमचं काही फार वाईट चाललेलं नाही.”

ज्योत्स्नाला हसू आवरेना. हर्षलही हसला, पण त्याचे डोळे पडद्यावरून हलले नाहीत.

चौथी गुहा आली. त्याने मदतीची कळ दाबली. मशालवाला दगडावर उभा राहिला, थांबला, उडी मारून पलीकडे गेला. हर्षलने तो भाग दुसऱ्या आकड्याने दाखवला, मग तिसऱ्या. तिन्हींतला फरक समजावून सांगताना तो भराभर बोलू लागला.

“मला तर सारखंच दिसतं,” बाबा म्हणाले.

“सारखं नाही, बाबा.”

“नसेल. तू तेव्हा कुठं पाहत होतास?”

“पडद्यावर.”

“आणि दादा?”

“तोही पडद्यावरच.” हर्षल अडखळला. “पडद्यावरच असणार. नाहीतर उडी कशी जमेल?”

“पाहिलं होतं?”

त्या जागेच्या प्रत्येक दगडाचा रंग हर्षलला सांगता आला असता. वटवाघूळ कोणत्या बाजूने येते, मशालीची ज्योत किती वेळा फडफडते, हेही सांगता आले असते. शेजारी बसलेल्या माणसाकडे मात्र त्याने त्या क्षणी एकदाही पाहिलेले नव्हते. हे त्याला आजवर कधी सुचले नव्हते, असे त्याच्या चेहऱ्यावरून वाटले.

“तिथं आणखी कोण होतं?” बाबांनी विचारले.

“कोणी नाही. आम्ही दोघंच.”

“दोघंच?” ज्योत्स्ना म्हणाली. “मग अडॅप्टरला वारा कोण घालत होतं?”

हर्षलने तिच्याकडे पाहिले.

ती बाबांना सांगू लागली. त्या खेळाचा अडॅप्टर फार तापायचा, आणि तापला की खेळ आपोआप बंद पडायचा. म्हणून तिला भिंतीशी बसवून तिच्या हातात घडी घातलेला पेपर दिला जाई. खेळ सुरू असेपर्यंत तिने अडॅप्टरला वारा घालायचा. शाळेतून आल्यापासून आई ओरडेपर्यंत हे तिचे काम. यात तक्रारीचा सूर नव्हता. किंवा असला तरी तो आता फार जुना झाला होता.

“तू तर खेळतच नव्हतीस,” हर्षल म्हणाला.

“दिला कुणी हातात? एक सोडत नव्हता अन् दुसरा मागू देत नव्हता.” तिने ओढणी सारखी केली. “टीव्ही मला तिथून दिसतही नव्हता. मी तुम्हालाच पाहत बसायची.”

बाबा पूर्ण वळून तिच्याकडे तोंड करून बसले.

“सांग, बाई. काय पाहिलं?”

“दादा थांबत नव्हता.”

“थांबायचा,” हर्षल म्हणाला. “ते एक मला पक्कं माहीत आहे.”

“तिचंही ठेवू, तुझंही ठेवू,” बाबा म्हणाले. “आधी तिचं.”

“तो टीव्हीतला माणूस थांबत असेल,” ती म्हणाली. “दादा नव्हता थांबत. दादा मान वळवून याच्याकडे पाहायचा. हा असा, तोंड उघडं टाकून, टीव्हीत घुसलेला. मग दादा हसायचा. अन् दाबायचा.”

“टीव्हीकडे न पाहता?” हर्षलने विचारले.

“कधी कधी. कधी पाहायचा. पण आधी तुझ्याकडे.”

“रोज?”

“रोजच.”

“तू कधी सांगितलं नाहीस मला.”

“तू कधी विचारलं?”

बाहेर कोणीतरी नळाखाली बादली लावली. ती भरत गेली तसा पाण्याचा आवाज बदलत गेला, आणि मग नळ बंद झाला.

हर्षलने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. तो पुन्हा बोलू लागला तेव्हा त्याचा स्वर कामाचा होता. त्याने ज्योत्स्नाला विचारले की, ते पाहणे केवढे असायचे. ते काय मोजायची गोष्ट आहे का, असे ती म्हणाली. मोजता येईल, असा त्याने आग्रह धरला. दगड खचतो, म्हणजे पाहण्याला वरची मर्यादा आहे. समोरचा दगड यायला वेळ लागतो, म्हणजे खालचीही आहे. मधली जागा फार थोडी. त्या थोड्या जागेत दादा रोज कुठेतरी असणार. तीच तर शोधायची आहे. ती सापडली पाहिजे. सोमवारपर्यंत सापडली पाहिजे...

त्याचा स्वर कामाचा राहिला नाही.

“बाबा, तुम्ही सांगा,” तो म्हणाला. “तुम्ही म्हणाल तो आकडा ठेवतो. मी वाद घालणार नाही.”

बाबांनी पंच्याला हात पुसले आणि पुढे केले.

“दे इकडे.”

“तुम्हाला जमणार नाही, बाबा.”

“नाहीच जमणार. कोणती कळ?”

हर्षलने कळ दाखवली. बाबा गुडघ्यावर हात रेटत चटईवरून सरकत त्याच्या अगदी शेजारी येऊन बसले. हर्षलने मदतीची कळ न वापरता मशालवाल्याला खचणाऱ्या दगडापर्यंत नेले. तेथे पोचताच त्याने रिमोट बाजूला सरकवला. मान न वळवता, पडद्यावरची नजर न हलवता.

बाबांनी रिमोट घेतला.

त्यांनी पडद्याकडे पाहिले नाही. त्यांनी मान वळवली आणि हर्षलकडे पाहिले.

समोरचा दगड अंधारातून सरकत आला.

“आता,” हर्षल म्हणाला.

दगड परत जाऊ लागला.

“आता, बाबा...”

काहीच झाले नाही. मग हर्षलने मान वळवली.

बाबा त्याच्याकडेच पाहत होते. म्हातारे डोळे, त्यांतल्या एकावर मोतीबिंदूचा पातळ पांढुरका पडदा. त्या पाहण्यात शिकवण नव्हती, दयाही नव्हती. शेजारचा मुलगा खूश आहे की नाही, एवढेच कोणी पाहावे तसे ते पाहत होते. मग ते हसले.

हर्षल तसाच राहिला.

पडद्यावर दगड खचला असावा, कारण मशालवाला पडल्याची ती छोटी धून वाजली. कोणी तिकडे पाहिले नाही. धून संपली आणि खेळ पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत राहिला. ज्योत्स्नाने हात लांब करून टीव्हीचा आवाज बंद केला. हर्षलच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण ते पुसण्यासाठीही त्याने मान फिरवली नाही.

बऱ्याच वेळाने बाबांनी रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला.

“मोजलं का?” त्यांनी विचारले.